एसटीचं भाडं, मुक्कामी गाडी आणि बीडची रेल्वे: पैसा कोणाच्या खिशातून जातो?

२०२५ च्या दिवाळीसाठी एसटीने दहा टक्के हंगामी भाडेवाढ जाहीर केली होती. सप्टेंबरातल्या पुराने मराठवाड्यात शेतंच्या शेतं खरवडून नेली होती. पुण्या-मुंबईला राबणारी माणसं सणाला गावी येणार, ती उद्ध्वस्त झालेल्या घरी. सरकारने हस्तक्षेप केला आणि वाढ मागे घेतली गेली. त्याआधी काहीच दिवस, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. तीस वर्षं ज्या गाडीची वाट पाहिली ती एकदाची धावली.

दोन्ही बातम्या आनंदाच्या होत्या. पण त्या वाचून साधे प्रश्न पडतात आणि त्यांची सरळ उत्तरं सहसा मिळत नाहीत. भाडेवाढ रद्द झाली, मग तेवढे पैसे कोण भरणार? रेल्वेला हजारो कोटी मिळतात, तर गावात रात्री थांबून पहाटे निघणाऱ्या मुक्कामी गाडीला डिझेल का परवडत नाही? आणि 'एसटी तोट्यात आहे' असं जे वर्षानुवर्षं ऐकतोय, त्याचा नेमका अर्थ काय?

### भाडं ठरवतं कोण?

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. साध्या गाडीला सध्या एका टप्प्याचे दहा रुपयांच्या आसपास पडतात. निमआराम, शिवशाही, शिवनेरी अशी गाडी बदलली की टप्प्याचा दरही बदलतो. गाव टप्प्याच्या हद्दीच्या अर्धा किलोमीटर पुढे असलं तरी पुढच्या टप्प्याचं भाडं लागतं.

हा दर महामंडळ आपल्या मनाने ठरवत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे भाड्याबाबतचा अधिकार राज्य सरकारचा आहे. महामंडळ प्रस्ताव पाठवतं, राज्य परिवहन प्राधिकरण मंजुरी देतं. डिझेल, चासी, टायर आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किती वाढला ते पाहून भाडं सुधारायचं, असं सूत्रही ठरलेलं आहे. कागदावर ते आपोआप लागू होणारं सूत्र आहे. प्रत्यक्षात निवडणूक, सण, दुष्काळ, पूर यांत ते अडकतं आणि मग साचलेली वाढ एकदम अंगावर येते. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ टक्क्यांच्या वर, जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्के. मधल्या काळात डिझेल वाढतच असतं आणि गाड्या जुन्या दराने धावत असतात. दरवर्षी दोन-चार टक्के वाढले असते तर प्रवाशाला झळ कमी बसली असती आणि आगारालाही पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता आला असता. माझ्या मते भाड्याच्या बाबतीत सरकारकडून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच आहे. भाडं किती, यापेक्षा ते कसं वाढतं याचा त्रास जास्त होतो.

एसटीच्या भाड्याला आणखी एक महत्त्व आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी ट्रॅव्हल्सना तेवढ्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. म्हणजे लातूर–पुणे किंवा नांदेड–पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यासाठीही एसटीचं भाडं हीच मोजपट्टी आहे. एसटी महागली की ट्रॅव्हल्सची कमाल मर्यादाही वर सरकते. एसटीत कधी न बसणाऱ्यालाही भाडेवाढ लागते ती अशी.

तिकिटाचे सगळे पैसे महामंडळाकडे राहतात असंही नाही. राज्य सरकार एसटीच्या भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं. ५० रुपयांच्या तिकिटातले आठ-एक रुपये असे सरकारकडे परत जातात. शिवाय २०१६ पासून प्रत्येक तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीसाठी घेतला जातो, तो वेगळा. एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने कर असा हा व्यवहार आहे. तो कर कमी करावा ही महामंडळाची मागणी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते.

### एका गाडीचा हिशेब

हिशेबापुरती एक गाडी धरू. तालुक्याच्या ठिकाणाहून ३० किलोमीटरवरचं गाव. पाच टप्पे, म्हणजे पूर्ण भाडं ५० रुपये. सकाळची फेरी, गाडीत वीस प्रवासी. यातली माणसं कोण असतात हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, परभणी, जालन्याची कर्ती जोडपी ऊसतोडीला गेली की गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. मोटारसायकल असणारा माणूस एसटीची वाट पाहत बसत नाही. गाडीत दिसतात त्या बाया, मुली, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात किंवा तालुक्याच्या बँकेत निघालेले म्हातारे.

समजा, वीसपैकी चार पुरुष पूर्ण तिकिटाचे. त्यांचे २०० रुपये. आठ बायका, मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत त्यांना निम्मं भाडं, म्हणून त्यांचेही २००. दोघं ६५ ते ७५ वयाचे, त्यांनाही निम्मं, म्हणजे ५० रुपये. एक आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे. ऑगस्ट २०२२ च्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेमुळे त्यांचा प्रवास मोफत. उरल्या पाच शाळकरी मुली, त्यांच्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास.

वाहकाच्या बॅगेत जमले ४५० रुपये. सगळे पूर्ण तिकिटाचे असते तर जमले असते १,०००. मधले ५५० रुपये प्रवाशांनी बुडवलेले नाहीत. ते राज्य सरकारने भरायचे कबूल केलेले आहेत. याला सवलतीची प्रतिपूर्ती म्हणतात.

आता खर्च. एसटीची गाडी एका लिटरमध्ये साधारण साडेचार किलोमीटर जाते. डिझेल नव्वद रुपये धरलं तर किलोमीटरला २० रुपये, ३० किलोमीटरला ६००. म्हणजे बॅगेतल्या ४५० रुपयांत या फेरीचं डिझेलसुद्धा निघत नाही. चालक, वाहक, टायर, दुरुस्ती, कर हे सगळं त्यानंतर. सरकारचे ५५० रुपये महिन्याच्या महिन्याला आले तर डिझेल भागून ४०० रुपये उरतात. ते लांबले तर आगारप्रमुखापुढे डिझेल भरायचं की सुटे भाग मागवायचे, असा पेच पडतो. पगार दहा-बारा दिवस लांबल्याच्या, भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरायची राहिल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांचं एक मूळ इथे आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'बायकांना अर्धं तिकीट केलं म्हणून एसटी बुडाली' असं सर्रास बोललं जातं. उलट सवलतीनंतर गाड्या भरू लागल्या. रिकाम्या सीटवर कोणी अर्ध्या तिकिटात बसलं आणि उरलेलं अर्धं सरकारने दिलं, तर महामंडळाला पूर्ण तिकीट मिळतं. कोणत्याही सवलतीने एसटी बुडत नाही. सवलतीचे पैसे वेळेवर न आल्याने तिचा श्वास कोंडतो. अर्ध्या तिकिटामुळे तालुक्याला शिलाईचा क्लास लावणारी, माहेरच्या आईला दवाखान्यात नेणारी बाई या भांडणात कुठेच दोषी नाही.

### घेण्याचा पैसा वेगळा, चालवण्याचा वेगळा

सरकारी वाहतुकीचे पैसे दोन जातींचे असतात. एक भांडवली खर्च: गाडी, रूळ, बसस्थानक, चार्जिंगची सोय. हा एकदाच होतो, त्याचं भूमिपूजन होतं, फोटो निघतो. दुसरा चालू खर्च: डिझेल, पगार, टायर, दुरुस्ती. हा रोजचा असतो आणि त्याला कधी नारळ फुटत नाही. अनुदानावर म्हैस मिळते, चाऱ्याला अनुदान नसतं, आणि उन्हाळ्यात कडबा महागला की म्हैस बाजारात न्यावी लागते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. सार्वजनिक वाहतुकीतही अगदी तसंच होतं.

छत्रपती संभाजीनगरची शहर बस पाहा. २०१८ च्या अखेरीला स्मार्ट सिटी योजनेच्या पैशातून नव्या कोऱ्या गाड्या आल्या. गाड्या घ्यायला केंद्राच्या योजनेचा आधार होता. पण रोजचा चारा, म्हणजे डिझेल आणि चालक-वाहकांचा खर्च, तिकिटातून पूर्ण निघत नाही. तो कोणी भरायचा हा प्रश्न योजनेबरोबर संपला नाही. स्मार्ट सिटी अभियानच मार्च २०२५ अखेर संपलं, गाड्या मात्र रोज धावायच्याच आहेत.

ई-बसचाही मुद्दा असाच आहे. एसटीने ५,१५० विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला. त्यात गाडी आणि चालक ठेकेदाराचा, वाहक एसटीचा, आणि ठेकेदाराला पैसे धावलेल्या किलोमीटरवर. खरेदीचा बोजा नाही ही त्याची जमेची बाजू. पण गाडी भरो न भरो, ठरलेल्या किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे अशा गाड्या साहजिकच भरणाऱ्या मार्गांवर पाठवल्या जातात. किनवट-माहूरच्या किंवा पाटोद्याच्या आडगावाला त्या लवकर पोहोचतील, अशी आशा मी तरी धरत नाही.

### 'तोट्यातल्या फेऱ्या बंद करा की!'

हा आक्षेप प्रामाणिक आहे. महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे, तेव्हा करदात्याने विचारलंच पाहिजे.

पण तोटा मोजायचा कसा? महामंडळात भारमान हा शब्द सतत कानी येतो. शंभर सीट-किलोमीटर धावल्यावर त्यातल्या किती विकल्या गेल्या, ते भारमान. सकाळी गावातून तालुक्याला भरून आलेली गाडी परतताना जवळपास रिकामी असते, कारण त्या वेळी गावाकडे कोणी जात नाही. कागदावर त्या मार्गाचं भारमान पन्नास टक्क्यांच्या खाली दिसतं. बंद करायच्या यादीत तो मार्ग वर येतो. पण परतीची फेरी बंद केली तर सकाळची भरलेली फेरी आणायची कुठून?

मुक्कामी गाडीचं तर आणखी वेगळं आहे. ती संध्याकाळी गावात येते, रात्री थांबते आणि पहाटे निघते. चालक-वाहक गावातल्या देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. हिशेबाच्या दृष्टीने ती वाईटच गाडी: कमी किलोमीटर, कमी प्रवासी, माणसं रात्रभर अडकलेली. पण पहाटेची तीच गाडी मुलीला सातच्या तासाला कॉलेजात पोहोचवते आणि भाजीचं ओझं बाजार उठायच्या आत नेते. ती बंद पडली की घरात पहिली चर्चा होते मुलीची शाळा थांबवण्याची. दहावीनंतर मुली का गळतात, याची उत्तरं शोधायला शिक्षण खात्याने गावच्या फाट्यावर सकाळी साडेसहाला उभं राहावं.

कायद्यातच इथे एक गाठ आहे. १९५० चा रस्ते वाहतूक महामंडळ कायदा सांगतो की महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावं. त्याच कायद्याने राज्य सरकारला महामंडळाला आदेश देण्याचा अधिकारही दिला आहे. म्हणजे धंदा कर, पण आम्ही सांगू तिथे गाडीही पाठव. सरकारने सवलतीचे पैसे द्यायचे कबूल केलं, पण तोट्यातली फेरी चालवण्याचे पैसे म्हणून स्वतंत्र रक्कम कधी ठरवली नाही. तो भार लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या नफ्यातून उचलायचा, असं गृहीत धरलेलं होतं. लातूर–पुणे कमावेल आणि मुक्कामी गाडीला पोसेल.

ही व्यवस्था बरीच वर्षं चालली. मग लातूर–पुणे, नांदेड–पुणेचा मलईदार प्रवासी ट्रॅव्हल्सने नेला. २०२१-२२ चा जवळपास सहा महिन्यांचा संप झाला, जुन्या गाड्या भंगारात निघाल्या, नव्या त्या वेगाने आल्या नाहीत. संप मिटल्यावरही अनेक गावांच्या फेऱ्या पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. कमावणारा भाऊ वेगळा निघाला आणि खाणारी तोंडं तेवढीच राहिली.

### 'काळीपिवळी आहेच की, एसटी कशाला?'

काळीपिवळी, टमटम, जीप यांनी मराठवाड्याला खूप वेळा तारलं आहे, यात वाद नाही. संपाच्या काळात तर त्यांच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांच्यावर हजारो घरं चालतात. पण ही वाहनं भरल्याशिवाय सुटत नाहीत. बाजाराच्या दिवशी दर दहा मिनिटाला मिळतील, पावसात दुपारी तीनला मिळतीलच असं नाही. रात्री आठनंतर गावाकडे कोणी येत नाही. पास चालत नाही, अर्धं तिकीट नाही, आजोबांना मोफत नाही. मागे लटकून जाणाऱ्या मुलांचं तर बोलायलाच नको.

आणि ही वाहनं धावतात ती एसटीच्याच भरल्या मार्गावर, एसटीच्याच वेळेच्या पाच मिनिटं आधी. त्यामुळे गर्दीचा पैसा त्यांच्याकडे जातो आणि रिकाम्या वेळेची जबाबदारी एसटीकडे राहते. सगळी वाहतूक खासगी केली तर गर्दीच्या मार्गांवर काही बिघडणार नाही. बालाघाटाच्या डोंगरातल्या, गोदाकाठच्या वाटेआडच्या गावांचं काय, याचं उत्तर मात्र कोणताही खासगी वाहनमालक देणार नाही. त्याने द्यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

### रेल्वे एवढी स्वस्त कशी?

'रेल्वेला परवडतं, मग एसटीला का नाही?' हाही नेहमीचा प्रश्न. रेल्वेलाही प्रवासी वाहतूक परवडत नाही. रेल्वे मंत्रालय स्वतःच सांगतं की प्रवासी वाहतुकीवर १०० रुपये खर्च झाले तर तिकिटातून ५४ च्या आसपास मिळतात. उरलेला खड्डा मालगाडी भरते: कोळसा, सिमेंट, खत, लोखंड. देशाच्या विजेचा कोळसा वाहणाऱ्या गाड्या आपल्या जनरल डब्याचं भाडं कमी ठेवतात. एसटीकडे कोळसा नाही. तिच्या टपावर एकेकाळी बोचकी आणि कोंबड्यांचे खुराडे जायचे, आणि आजही तिची मालवाहतूक रेल्वेच्या मानाने किरकोळच.

गंमत म्हणजे मराठवाड्यात रेल्वे आणि बस एकेकाळी एकाच छत्राखाली होत्या. निजामाच्या रेल्वे खात्यानेच १९३२ साली बससेवा सुरू केली, २७ गाड्यांनिशी. रेल्वे जिथे थांबते तिथून पुढे बस न्यायची, दोघांनी एकमेकांचे प्रवासी पळवायचे नाहीत, असा तो विचार होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये इथली बससेवा आजच्या महामंडळात सामील झाली. तेव्हापासून बसचे पैसे मुंबईत ठरतात आणि रेल्वेचे दिल्लीत. रेल्वे आली त्या वेळी स्टेशनावर बस नसणं हे आपल्या अंगवळणी पडलंय.

### मग नवी रेल्वे तीस-तीस वर्षं का रखडते?

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा, म्हणजे किलोमीटरला सव्वा-दीड कोटी. आज तोच खर्च ४,८०० कोटींच्या घरात आहे, म्हणजे किलोमीटरला १८ कोटींच्या पुढे. आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडलं, बीडपर्यंत यायला २०२५. परळी अजून पुढे आहे.

एवढा वेळ का गेला? रेल्वे कोणताही नवा मार्ग घेताना तो किती कमावेल ते पाहते. कोळसा, सिमेंट नसलेल्या आणि लोकांच्या खिशात कमी पैसा असलेल्या भागाचा आकडा कमीच येतो. अशा वेळी राज्याने निम्मा वाटा उचलायचा, असा तोडगा निघतो. बीडच्या मार्गात केंद्र आणि राज्य अर्धे-अर्धे आहेत. वर्धा–यवतमाळ–नांदेड, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव, जालना–जळगाव या मार्गांतही राज्याला हिस्सा द्यावा लागतो. त्यामुळे दोन खिसे एकाच वेळी उघडावे लागतात. एका वर्षी दिल्लीची तरतूद होते आणि मुंबईची होत नाही, पुढच्या वर्षी उलटं. त्यात भूसंपादन. दरवर्षी थोडे-थोडे पैसे मिळाले की काम मातीच्या भरावापुरतं होतं, पुलापाशी थांबतं, आणि दरम्यान जमीन, सिमेंट, मजुरी वाढत राहते. उशिराचे पैसे आपणच भरतो. ३५३ कोटींच्या कामाला ४,८०० कोटी लागले ते यामुळे.

जालना–जळगाव मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: १७४ किलोमीटर, ७,१०६ कोटी. अजिंठ्याच्या डोंगरातून जायचं असल्याने किलोमीटरला ४० कोटींच्या वर जातात. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरण, १७७ किलोमीटर, २,१७९ कोटी, मंजुरी जुलै २०२५. म्हणजे किलोमीटरला १२ कोटी. लांबी जवळपास सारखी, खर्च एक तृतीयांश. दुहेरीकरणाचा गाजावाजा नव्या मार्गाइतका होत नाही, पण मराठवाड्यासाठी मला तेच जास्त तातडीचं वाटतं. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावं लागतं. परतूर, सेलूला अर्धा तास का थांबलो हे खिडकीतून विचारणारे प्रवासी याच क्रॉसिंगमध्ये अडकलेले असतात. मार्ग भरलेला असला की नवी गाडी मागूनही मिळत नाही. परभणी–मुदखेड दुहेरी झालं आहे, मनमाड–संभाजीनगरचं काम सुरू आहे. मधला तुकडा झाला की मुंबईकडे जाणाऱ्या जास्तीच्या गाड्या मागायला आपल्याकडे आधार असेल.

रेल्वे आणि बस यांची तुलना करायची झाली तर, नव्या साध्या बसची किंमत चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात आहे. जालना–जळगावच्या एका किलोमीटरच्या पैशात नव्वदेक गाड्या येतात. म्हणून रेल्वे नको, असं मी म्हणत नाही. बीड-जालन्याच्या माणसाने रेल्वेची मागणी करण्यात काही गैर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बसला पैसे नाहीत, हे कारण पटणारं नाही. पैसे आहेत. बस त्या रांगेत कुठे उभी आहे, हा प्रश्न आहे.

### किलोमीटरमागे पैसे द्या, आणि उघड द्या

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा ही योजना जाहीर केली. यात केंद्र शहरांना चालू खर्चासाठी धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे गाडीच्या आकारानुसार २० ते २४ रुपये देतं, दहा वर्षांसाठी. म्हैस देऊन निघून जायचं नाही, चाऱ्याचाही वाटा उचलायचा. 'तिकिटातून निघत नाही तेवढं आम्ही किलोमीटरच्या हिशेबाने भरू' हे सरकारने यात मान्य केलं. पण ही योजना मोठ्या लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. सेनगावला, घनसावंगीला, भूमला ती लागू नाही.

गावांसाठी असं काही करता येणार नाही, असं कोणी म्हणेल. करता येतं, आणि ते आपल्याच भागात होतंय. मानव विकास कार्यक्रमाचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात, त्या याच कार्यक्रमाच्या. गाडी घ्यायचे पैसेही कार्यक्रम देतो आणि चालवायचेही, चालवते एसटी. ही फेरी तोट्यात आहे का, असं त्या गाडीबद्दल कोणी विचारत नाही, कारण तिचं काम काय आणि त्याचे पैसे कोण देणार हे आधीच ठरलेलं आहे.

मुक्कामी गाडीला हाच नियम लावून पाहू. संध्याकाळी ३० किलोमीटर, सकाळी ३०, दिवसाला ६०. शहरांना मिळतो तसा किलोमीटरला २२ रुपये दर धरला तर दिवसाचे १,३२०, वर्षाचे ४ लाख ८१ हजार ८००. एका जिल्ह्यात अशा शंभर मुक्कामी गाड्या धरल्या तर वर्षाला पाच कोटींच्या आत. जिल्हा वार्षिक योजना शेकडो कोटींची असते. त्यातून पाच कोटी काढणं कोणत्याही पालकमंत्र्याला जड नाही.

### 'पण पैसे देऊनही गाडी आली नाही तर?'

हा सगळ्यात खरा आक्षेप आहे, कारण फेरी कागदावर लागते आणि गावात येत नाही, हा अनुभव गावोगावचा आहे. म्हणूनच पैसे किलोमीटरवर द्यायचे, ठोक नाही. गाडी आली तर पैसे, रद्द झाली तर त्या दिवसाचे नाहीत. आता वाहकाच्या हातात तिकिटाचं यंत्र आहे, गाडीवर ठिकाण दाखवणारी यंत्रणा बसवता येते. गाडी गावात किती वाजता पोहोचली हे लपवायचं म्हटलं तरी अवघड आहे. तो महिन्याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे: किती दिवस आली, किती उशिरा, किती प्रवासी.

शाळा, दवाखाना, पाणी यांचे ठराव ग्रामसभेत होतात, गाडीचाही व्हावा. ठरावात 'बस सुरू करावी' एवढंच लिहून भागत नाही. मार्ग, वेळ, पास काढलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, जवळच्या दोन-तीन गावांची नावं आणि परतीची वेळ लिहावी. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडून मुलींची यादी जोडावी. शेजारच्या गावांनी एकत्र ठराव दिला तर एकाच फेरीत तीन गावं बसतात आणि भारमान आपोआप सुधारतं. एक प्रत आगारप्रमुखाला, एक विभाग नियंत्रकाला आणि एक जिल्हा नियोजन समितीला द्यावी. मराठवाड्यात आठ जिल्ह्यांना एसटीचे सात विभाग आहेत. हिंगोलीच्या गावांनी परभणी विभागाकडे अर्ज करायचा असतो. वेळापत्रक शाळा उघडण्याच्या सुमारास बदलतं, तेव्हा अर्ज एप्रिल-मेमध्येच पोहोचलेला बरा.